ई-कचऱ्याचा धंदा करायचाय? आधी कागद वाचू या



मागच्या महिन्यात करवीर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. कर्जाचा ठराव लिहून झाला, सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात अध्यक्ष काकू म्हणाल्या, "मॅडम, लगेच उठू नका. एक नवा धंदा आलाय, तुमच्या कानावर घालायचाय."

धंदा असा होता. शहरातला एक व्यापारी एका शाळेतले जुने कॉम्प्युटर, प्रिंटर आणि यूपीएस असा टेम्पोभर माल गटाला विकणार. बायकांनी घरी बसून स्क्रू काढायचे, तांबं, पत्रा, ॲल्युमिनियम, प्लास्टिक वेगळं करायचं आणि विकायचं. आतल्या हिरव्या पाट्या, म्हणजे सर्किट बोर्ड, तेवढ्या त्यालाच परत द्यायच्या. बँक लिंकेजचे पैसे गटाच्या खात्यावर नुकतेच जमा झाले होते. त्यातले साठ हजार द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. गटातल्या दोघी विधवा आहेत, एकीला कंबरेच्या दुखण्यामुळे भांगलणीला जाता येत नाही. सावलीत बसून करायचं काम म्हणून सगळ्यांना ते पटलं होतं. खरं सांगते, ऐकताना मलाही बरंच वाटलं.

मी एवढंच विचारलं, "त्यांच्याकडे परवानगी आहे का?"

"हाय की. लायसन दाखवलंय त्यांनी." काकूंनी मोबाईलवरचा फोटो पुढे केला. मी तो मोठा करून वाचला. ते उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र होतं.

आता उद्यम नोंदणी म्हणजे काय, ते आपल्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. केंद्र सरकारच्या पोर्टलवर आधार आणि पॅन टाकून ती होते, एक रुपयाही लागत नाही. पापडाच्या धंद्यालाही होते, लेथ मशीनलाही होते. त्या फॉर्ममध्ये संस्थेच्या प्रकारात बचत गट हा पर्यायसुद्धा आहे. पण धंदा कोणता आणि केवढा, हे त्यात धंदेवाल्याने स्वतःच लिहून दिलेलं असतं. ई-कचरा हाताळायची परवानगी त्या कागदात कुठेच नसते. दुकानाचं गुमास्ता प्रमाणपत्र, जीएसटी नंबर, ग्रामपंचायतीचा दाखला यांचंही तेच. कागद खरे असतात, पण ते वेगळ्या कामाचे असतात.

त्या दिवशी माझ्याकडेही पूर्ण उत्तर नव्हतं. "आठ दिवस पैसे देऊ नका" एवढं सांगून आले. मग नियम काढून वाचले, ज्यांना यातलं कळतं त्यांना विचारलं. जे समजलं ते या वेळच्या अभ्यासपानात लिहीत आहे.

ई-कचरा म्हणजे नेमकं काय

आपल्या देशात ई-कचऱ्यासाठी वेगळे नियम पहिल्यांदा २०११ साली आले. २०१६ साली ते बदलले. सध्या लागू आहेत ते ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२. त्यांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाली. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधीच्या यादीत २१ वस्तू होत्या, नव्या यादीत १०६ आहेत. म्हणजे फक्त कॉम्प्युटर आणि मोबाईल नाही. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, पंखा, इस्त्री, ट्यूबलाइट, ड्रिल मशीन, दवाखान्यातली काही यंत्रं, हे सगळं त्यात येतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या गावांत दारादारांत जे चिखलाने भरलेले टीव्ही आणि फ्रिज पडले होते, तो सगळा ई-कचराच. तेव्हा आपण कुणीच तो शब्द वापरला नाही. भंगारवाल्याने जो भाव दिला तो घेतला आणि दार मोकळं केलं.

बॅटरी मात्र यात येत नाही. तिच्यासाठी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ असे वेगळे नियम आहेत. त्या टेम्पोतल्या यूपीएसमध्ये शिशाच्या बॅटऱ्या असणार. एकीने यूपीएस उघडून बॅटरी बाहेर काढली, की ती बॅटरी दुसऱ्या नियमात गेली. एका टेम्पोत दोन कायदे येतात, हे त्या व्यापाऱ्याने सांगितलं नव्हतं.

जगाचा हिशोब बघितला तर २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. म्हणजे धंद्याला माल कमी पडेल ही भीती नको. प्रश्न आहे तो माल रीतसर मार्गावर आणायचा कसा, हा.

मालाला कुठपर्यंत हात लावणार?

कोणत्याही कार्यालयात जायच्या आधी गटाने या एका प्रश्नाचं उत्तर ठराव वहीत लिहावं. कारण कोणता कागद लागेल हे त्यावर ठरतं.

नव्या नियमांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर चारच प्रकारच्या लोकांची नोंदणी होते. वस्तू बनवणारे, त्या आपल्या नावाने बाजारात आणणाऱ्या कंपन्या, जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा चालू करणारे म्हणजे रिफर्बिशर, आणि कचऱ्यातून धातू व इतर माल परत मिळवणारे म्हणजे रिसायकलर. पहिल्या दोन प्रकारांशी आपला संबंध नाही.

रिसायकलर व्हायचं तर यंत्रं लागतात, धूर आणि सांडपाणी शुद्ध करायची सोय लागते, मोठं भांडवल लागतं. एका गटाच्या आवाक्यातलं ते काम नाही. प्रभागसंघाच्याही नाही, निदान आज तरी. रिफर्बिशरचा मार्ग ज्या गावात दुरुस्ती शिकलेल्या मुली आहेत तिथे शक्य आहे, पण त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

मग उरतं काय? गोळा करणं आणि सुटं करणं. २०१६ च्या नियमांत माल सुटा करणाऱ्यांना, म्हणजे डिसमँटलरना, राज्याचं प्रदूषण मंडळ वेगळा परवाना देत असे. नव्या पोर्टलवर तो प्रकारच नाही. त्यामुळे एप्रिल २०२३ च्या आधीचा परवाना कुणी दाखवला तर तारीख बघा आणि "आता काय आहे?" असं विचारा. पण नियमांत एक ओळ आहे, आणि माझ्या मते आपल्या गटांसाठी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. नोंदणी असलेला रिसायकलर आपल्या कामात डिसमँटलरची मदत घेऊ शकतो. त्याच्याकडे जाणारा आणि त्याच्याकडून येणारा माल नीट चालतो आहे ना, याची जबाबदारी रिसायकलरची. आणि डिसमँटलरने सुटा केलेला माल नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचा, त्याची नोंद ठेवायची.

ही ओळ त्या टेम्पोला लावून बघा. बायकांनी पाट्या काढून व्यापाऱ्याला द्यायच्या होत्या. तो रिसायकलर आहे का? नाही. त्याच्यामागे कोण आहे? ते तो सांगत नव्हता. तांबं आणि पत्रा "आपापल्या भावाने" गावातल्या भंगारवाल्याला जाणार होता. म्हणजे सगळा माल नियमाबाहेर, आणि तो उघडला कुणी, तर आपल्या बायकांनी. पैसेही आपलेच अडकलेले.

नुसतं गोळा करून रिसायकलरच्या गाडीत माल चढवून द्यायचा असेल, तर त्यासाठी वेगळा नोंदणीचा प्रकार नाही. ते काम रिसायकलरच्या किंवा कंपनीच्या वतीने होतं. म्हणून त्यांचं लेखी पत्र हाच आपला आधार. तोंडी बोलण्यावर एक वायरसुद्धा उचलू नका. आणि माल काही दिवस ठेवायचा असेल तर त्या जागेबद्दल मंडळाच्या कार्यालयात आधी विचारा.

इथे एक फट आहे, ती तुम्हाला कुणीतरी दाखवणारच, म्हणून मीच सांगते. हे नियम सूक्ष्म उद्योगांना लागू नाहीत असं नियमांतच लिहिलं आहे. आणि १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो. "मग आपल्याला काय करायचं हाय?" असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. करायचं हे आहे, की पाणी आणि हवा यांच्या प्रदूषणाचे कायदे वेगळे आहेत, त्यांची संमती या सुटीने माफ होत नाही. धोकादायक कचऱ्याचे नियमही वेगळे आहेत. शिवाय ज्या रिसायकलरला माल द्यायचा त्याला पोर्टलवर आपला हिशोब भरावा लागतो. कागद नसलेल्या गटाशी तो कशाला व्यवहार करेल? त्या सुटीवर भरवसा ठेवून कर्ज काढू नका, एवढंच माझं म्हणणं.

कागद कोणत्या क्रमाने

पहिला कागद म्हणजे नाव. संमती कुणाच्या नावाने मागणार? बचत गट म्हणजे आपल्या विश्वासावर चाललेली बचत. त्याला बँक खातं असतं, पण कंपनी किंवा सहकारी संस्थेसारखं कायद्याने वेगळं अस्तित्व नसतं. म्हणून नोंदणीकृत फेडरेशन, सहकारी संस्था, उत्पादक कंपनी किंवा नोंदवलेली भागीदारी यांपैकी एक निवडावं लागतं. "एकीच्या नावावर काढू, बाकीच्या काम करू" हा सगळ्यात सोपा मार्ग वाटतो. मला तो पटत नाही. एका गावात मसाल्याच्या युनिटचं लायसन असंच एका ताईंच्या नावावर होतं. त्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या आणि मशीन, लेबल, लायसन सगळं अडकून बसलं. भांडण झालं नाही, पण धंदा बंद पडला.

दुसरा कागद रिसायकलरशी करार. केंद्रीय मंडळाच्या ई-कचऱ्याच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या रिसायकलरची यादी बघता येते. नाव, पत्ता, क्षमता जुळवून बघा. करारात कोणता माल, कुठपर्यंत सुटा करायचा, भाव किंवा मजुरी किती, वाहतूक कुणाची, वजन कुणाच्या काट्यावर, आणि जे विकलं जात नाही ते कोण नेणार, हे लिहून घ्या. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. जुन्या डबा टीव्हीची पिक्चर ट्यूब कुणालाच नको असते, कारण तिच्या काचेत शिसं असतं. ती आपल्याच शेडमध्ये साठून राहिली तर?

मग जागा. घरची पडवी, सोपा, परडं यातलं काहीही चालणार नाही, हे मनातून काढूनच टाका. केंद्रीय मंडळाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला एक टन माल सुटा करायला किमान ३०० चौरस मीटर जागा सांगितली आहे. म्हणजे साधारण तीन गुंठे. एक टन रिसायकलिंगसाठी ५०० चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांच्या आसपास. पक्कं छप्पर, खालून पाझरणार नाही अशी फरशी, पावसाचं पाणी आत न येणारं, आग विझवायची सोय, हवा खेळती. आपल्याकडे जूनपासून पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. उघड्यावर ठेवलेल्या पाट्यांवरून वाहिलेलं पाणी ओढ्याला जातं आणि ओढा पंचगंगेला मिळतो.

जागा औद्योगिक वापराची असल्याचा कागद लागतो. नुसता सातबारा पुरत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, गडहिंग्लज, हलकर्णी अशा एमआयडीसीत लहान गाळा भाड्याने मिळाला तर हा प्रश्न बराच सुटतो. भाडं जास्त वाटेल, पण बिगरशेतीच्या कागदासाठी घालवायचे महिने आणि हेलपाटे यांचाही हिशोब करा. राज्य सरकारने औद्योगिक वसाहतींत ई-कचऱ्याच्या कामासाठी जागा किंवा शेड राखून ठेवावी, आणि या कामातल्या कामगारांचे गट बांधायला मदत करावी, त्यांना कौशल्य शिकवावं, असं नियमांत सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेलं आहे. जिल्हा उद्योग केंद्रात किंवा एमआयडीसीच्या कार्यालयात अर्ज देताना हे लिहायला विसरू नका. आपण मेहेरबानी मागत नाही.

आता संमतीपत्र. हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा भाग. मंडळाचं प्रादेशिक आणि उपप्रादेशिक कार्यालय कोल्हापुरातच आहे, मुंबईला जावं लागत नाही. पाणी प्रदूषणाचा १९७४ चा कायदा आणि हवा प्रदूषणाचा १९८१ चा कायदा यांखाली दोन टप्प्यांत संमती घ्यायची असते. पहिली उद्योग उभारायची संमती. ती शेड बांधायच्या आणि यंत्र आणायच्या आधी. दुसरी उद्योग चालवायची संमती. ती सगळं तयार झाल्यावर, पण पहिला स्क्रू काढायच्या आधी. बऱ्याच जणी म्हणतात, "आमच्या कामाला पाणी लागतच नाही, मग पाण्याची संमती कशाला?" पाणी लागत नसेल तर अर्जात तसं लिहायचं. अर्ज मात्र करायचाच.

प्रदूषण किती होऊ शकतं त्यावरून उद्योगांना लाल, नारंगी, हिरवा, पांढरा असे रंग दिलेले असतात. नुसतं हाताने सुटं करणं आणि रसायनाने धातू काढणं यांना सारखं मोजत नाहीत. म्हणून अर्जात "ई-कचरा रिसायकलिंग" असं मोठं नाव घालण्याचा मोह टाळा. जे करणार तेवढंच लिहा. "हाताच्या आणि विजेच्या स्क्रू-ड्रायव्हरने सुटं करणं, वर्गीकरण, वजन, साठवण. जाळणं नाही, वितळवणं नाही, रसायन नाही." अर्ज ऑनलाइन होतो. फी किती ते एकूण भांडवली गुंतवणुकीवर ठरतं आणि त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. सोबत जागेचा करार, नकाशा, काम कसं चालणार त्याचा आराखडा, संस्थेची नोंदणी, पॅन, उद्यम प्रमाणपत्र असे कागद. अधिकारी जागा बघायला येतात, तेव्हा काम समजावून सांगणारी बाई गटातलीच असावी, एजंट नसावा. पाणी कायद्यात अर्जावर निर्णयासाठी चार महिन्यांची मुदत आहे. ती धरूनच कर्जाच्या हप्त्याचं गणित मांडा. हप्ता सुरू आणि संमती नाही, अशी वेळ आली तर दर महिन्याला बचतीतून भरावं लागेल.

सुटं करताना ट्यूबलाइट, पिक्चर ट्यूब, काही कपॅसिटर, प्रिंटरचा टोनर असं जे निघतं त्यासाठी धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली प्राधिकारपत्र लागतं. मंडळ ते संमतीपत्राबरोबर एकत्र देऊ शकतं. असा कचरा ठरलेल्या केंद्रातच जायला हवा. पश्चिम महाराष्ट्राला जवळचं केंद्र पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे.

परवानगी आली म्हणजे वही मिटली असं नाही, उलट उघडली. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक, तारीख, वजन. माल १८० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. आपल्या गटांना हिशोबाची सवय आहे, या एका गोष्टीत आपण कुठल्याही भंगारवाल्यापेक्षा पुढे आहोत. पोर्टलवर खोटी माहिती दिली तर रिसायकलरची नोंदणी तीन वर्षांपर्यंत रद्द होऊ शकते, म्हणून चांगला रिसायकलर आपल्या वहीला किंमत देतो. आणि पर्यावरण संरक्षण कायद्याखाली नियम मोडल्याचा दंड आता १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत आहे. साठ हजारांच्या टेम्पोसमोर ही रक्कम ठेवून बघा.

परड्यात वायर जाळणं

कायद्याचं लिहून झालं, पण खरी काळजी मला याची वाटते. तांब्याची तार सोलायला वेळ लागतो, जाळली की दहा मिनिटांत मोकळी होते. आपल्या कितीतरी घरांत चुलीत किंवा परड्यात वायर जाळलेली मी पाहिली आहे. वरचं प्लास्टिक जळताना जो धूर निघतो त्यात डायॉक्सिनसारखी विषं असतात. ती दिसत नाहीत, आणि पोटातल्या बाळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे की जगभरात १ कोटी २९ लाख बायका असंघटित कचऱ्याच्या कामात आहेत, आणि ई-कचऱ्याच्या विषाचा धोका त्यांना आणि त्यांच्या मुलांना होऊ शकतो.

दुसरा मोह सोन्याचा. सर्किट बोर्डावर सोन्याचा अगदी पातळ थर असतो, हे खरं आहे. आपल्या भागात हुपरीच्या चांदीच्या कामामुळे तेजाब आणि भट्टी हे शब्द परके नाहीत. त्यामुळे "पाट्या तेजाबात टाकल्या की सोनं निघतं" असं सांगणारा कुणी ना कुणी भेटतो. उत्तर प्रदेशात मुरादाबादला घराघरांतून हेच चालायचं. पाट्या जाळायच्या, तेजाबात धुवायच्या आणि राख, पाणी रामगंगेच्या काठी सोडायचं. सोन्याचे पैसे मधल्या माणसांकडे गेले आणि राख तिथेच राहिली.

आणि माल कुठून आला हे विचारायचं का, त्याचं एक उदाहरण दिल्लीचं आहे. २०१० साली तिथल्या विद्यापीठाने वापरात नसलेलं प्रयोगशाळेतलं एक यंत्र लिलावात विकलं. ते मायापुरीच्या भंगार बाजारात गेलं आणि कामगारांनी ते तोडलं. आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. एका कामगाराचा मृत्यू झाला, बाकीचे आजारी पडले. यंत्र उघडणाऱ्यांना आत काय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून दवाखान्यातला किंवा प्रयोगशाळेतला माल आला तर तो कुठून आला आणि त्यात काय आहे, याचं लेखी पत्र मिळेपर्यंत हात लावायचा नाही. मोठ्या संस्थांसाठी तर नियमच आहे. वर्षात यादीतल्या हजार किंवा जास्त वस्तू वापरणाऱ्या संस्थेने आपला ई-कचरा नोंदणी असलेल्यांनाच द्यायचा. "मोठ्या ऑफिसचा माल स्वस्तात मिळाला" असं कुणी म्हणालं तर आनंदाच्या आधी शंका यायला हवी.

बायकांनी हे काम करूच नये, असं मात्र मी म्हणत नाही. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली कष्टकरी पंचायत बांधली. त्यांनी आधी काय मिळवलं, तर ओळखपत्र. महापालिकेने मान्य केलेलं. तिथून पुढे २००८ साली त्यांची स्वच्छ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. पंचायत बांधल्यापासून करारापर्यंत पंधरा वर्षं गेली. आपल्याला तेवढी लागू नयेत, पण पहिला टेम्पो यायच्या आधी चार महिने थांबणं म्हणजे फार नाही.

त्या गटाचं पुढे काय झालं

आठ दिवसांनी पुन्हा गेले. काकूंनी व्यापाऱ्याला फोन लावला आणि माझ्यासमोरच विचारलं, "पाट्या कुणाला देतासा, त्या कंपनीचं नाव सांगा." तो म्हणाला, सांगतो. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. तोच माल दुसऱ्या तालुक्यातल्या एका गटाकडे गेल्याचं कानावर आलं आहे. कोणता गट ते कळलं नाही. हे पान लिहायची घाई त्यासाठीच केली.

या गटाने साठ हजार खात्यावरच ठेवले आहेत. ठरावात लिहिलंय की पहिलं वर्ष फक्त गोळा करण्याचं काम, फेडरेशनच्या नावाने, नोंदणी असलेल्या रिसायकलरच्या लेखी पत्रावर. दोन रिसायकलरना पत्रं गेली आहेत, एकाचं उत्तर आलं, भाव कमी सांगितला आहे. तेवढ्यात वाहतूक सुटेल का, याचा हिशोब चालू आहे. कंबर दुखणाऱ्या ताई मात्र नाराज आहेत. त्या म्हणाल्या, "मॅडम, गोळा करायला फिरावं लागणार, मला बसून काम पायजे होतं." त्यांच्यासाठी वर्गीकरण आणि नोंदवहीचं काम ठेवायचं असं बोलणं झालं आहे, अजून पक्कं नाही.

निघताना काकूंनी विचारलं, "आणि माझ्या परड्यातला डबा टीव्ही? पुरात भिजल्यापासून पडलाय, त्याचं काय करू?" तो फोडू नका, पोरांना खेळायला देऊ नका, मागची नळी तर अजिबात उघडू नका. आडोशाला, कोरड्या जागी, पोत्याने झाकून ठेवा. गोळा करायचा दिवस ठरला की पहिली नोंद त्याचीच करू.

हे पान बैठकीत वाचून झालं की यावर बोला. आपल्या गावात आत्ता कुणाकुणाच्या घरात बंद पडलेल्या किती वस्तू आहेत? त्या सध्या कुणाला आणि किती भावाने जातात? आपल्या वस्तीत वायर कुठे जाळतात? आणि गेल्या वर्षभरात कुणी गटाला "लायसन आहे" म्हणून कोणते कागद दाखवले? त्यांचे फोटो असतील तर पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला आणा, एकत्र बसून वाचू.